वावळ्याचं आडनाव

साहेब, मी तुमचं भूत केलंय. हे आधी सांगून टाकतो, म्हंजी पुढचं सांगायला जीभ मोकळी. जिवंत असताना तुमी कुणाच्या अध्यात न्हाई का मध्यात न्हाई, आन् आता आमच्या बांधावरनं जाताना माणसं तुमच्या नावानं चपला हातात घेत्यात. ह्यो सगळा माझा उद्योग. करायला नको व्हता. पण दुसरं काही सुचंना, आन् मला सुचतं ते कसलं असतं हे तुमच्याइतकं कुणाला ठावं? तुमच्या पिठाच्या पिपात बेडूक निघाला तवा तुमी पिपाकडं बघितलंच न्हाई, सरळ माझ्याकडं बघितलं व्हतं. शाळेनं मला चौथीतच हात जोडले, त्यामुळं अक्षर कोंबडी नाचल्यागत हाय. पण तुमाला मराठी वाचायला येतच नव्हतं, म्हून अक्षराची लाज वाटत न्हाई.

झालं असं, की आपला वावळा तोडायला काढला. सध्या लढाई चाललीय, तुमच्या मुलखातबी चाललीय म्हणत्यात. देहूरोडला लष्कराचा मोठा डेपो झालाय आन् त्याला लाकूड पुरत न्हाई. ठेकेदार बांधोबांध फिरतोय. आमच्या दादानं, म्हंजी माझ्या थोरल्या भावानं, त्याला बांधावरचा वावळा बोलून टाकला. मी म्हणलं, दादा, दुसरं कुटलंबी झाड दे, ते साहेबाचं हाय. दादा जेवत व्हता. घास तोंडात ठेवूनच म्हणला, "साहेबाचं? त्याच्यावर नाव लिव्हलंय का साहेबाचं?" आई हसली. पण लिव्हलंयच की. नुसतं दादाला ते वाचता येत न्हाई. आत्याच्या लग्नात दादा मांडवामागं आचाऱ्याला लाकडं फोडून देत व्हता, त्यानं काही बघितलं न्हाई. मी बघितलंय. आन् आबा, म्हंजी आमचे आजोबा, गेल्यावर ते मनावर घेणारं गावात माझ्याशिवाय कुणी उरलं न्हाई.

तुमाला ते लगीन आठवतं का? वैशाखाचं ऊन, आन् तुमी काळा कोट घालून आलाय. तवा तुमी खंडाळ्याच्या हॉटेलात खानसाम्यांचे खानसामे, आन् आमचे आबा हॉटेलात दूध घालायचे. तेवढ्या वळखीवर आबांनी तुमाला पोरीच्या लग्नाला बोलावलं. वऱ्हाड इंदुरीचं. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांना पाणी प्यायच्या आधी हे कळायला पायजे, की मांडवात बसलेला ह्यो गोरा कोण. आबा म्हणले, इंग्रज न्हाई, फरासी हाय, फ्रान्सचा, पाव भाजतो. म्हातारे म्हणले, मंग बसू द्या.

अक्षता वाटायचं काम माझ्याकडं. मी तवा सोळा-सतराचा, मिसरूड फुटलेलं पण अक्कल न फुटलेली. वैशाखात वावळ्याला पापड्यांचे घोस लागत्यात, गोल, कागदासारख्या पातळ, मधी इवलंसं बी. पोरं खात्यात, माकडं खात्यात, वाळल्या की वाऱ्यावर सगळ्या गावभर. त्यातल्या मूठभर मी बंडीच्या खिशात घातलेल्या. सगळ्यांना तांदूळ वाटत आलो आन् तुमच्या हातावर त्या पापड्या ठेवल्या. मला एवढंच बघायचं व्हतं, की साहेब नवरानवरीवर पाचोळा उधळतोय आन् आत्याची सासू त्याच्याकडं कशी बघती.

मंगलाष्टकं चाललीत. दर वेळी सगळे टाकत्यात, तुमी टाकत न्हाई. तुमी मूठ उघडली आन् तशीच धरून बसला. शेवटचं 'सावधान' झालं, वाजंत्री वाजायला लागलं, माणसं उठली, पान-सुपारी फिरली. तुमी हातावरच्या पापड्यांकडं बघताय. तुमच्या नाकाच्या शेंड्यावरनं थेंब पडला. मला वाटलं घाम हाय, कोट काढा म्हणायला जवळ आलो, तर घाम नव्हता. मी तितनं सटकलो ते थेट आबांच्या पाठीमागं. तुमी आबांच्या पुढं येऊन हात पसरला आन् तुमच्या त्या मराठीत, ज्यात समदी दुनियाच पुल्लिंगी व्हती, इचारलं, "आबा, हा झाड कुटं हाय? हा माझा नाव हाय."

मंग आबांनी घोंगडं टाकलं, इंदुरीची म्हातारी माणसं बसली, आन् तुमी सांगायला लागला. तुमचं आडनाव दलोर्म. त्यातला 'द' म्हंजी 'चा', आन् 'लोर्म' म्हंजी असल्या पापड्या येणारं झाड. म्हंजी वावळ्याचा. तुमच्या मुलखात गावोगाव चर्चच्या पुढं असलं एक मोठं झाड असायचं. त्याच्या सावलीत पंचायत बसायची, भांडणं मिटायची, सणाला पोरंपोरी नाचायची. आन् गावात दर दुसऱ्या माणसाचं नाव एकच. मंग कुटला रे त्यो, इचारलं की म्हणायचं, त्यो झाडापाशी ऱ्हातो त्यो, वावळ्याचा. त्याची पोरंबी वावळ्याचीच झाली. पुढं कुणीतरी पोटापाण्यासाठी गाव सोडलं, झाड मागं ऱ्हायलं, आडनाव मातुर गाठोड्यात बांधून संगं नेलं. तुमी म्हणला, तीस वर्सं हिंदुस्थानात हाय, पण आपलं आडनाव झाडावर लागलेलं कधी बघितलं न्हाई. आज हातावर आलं.

आबांनी सगळं ऐकलं, तंबाखूची चिमूट दाढंला लावली आन् निकाल दिला. "म्हंजी वावळा तुमचं देवक." तुमाला देवक ठावं नव्हतं. आबांनी सांगितलं, की दर कुळाचं एक झाड नायतर येल असतो, लग्नात त्याची डहाळी वाजत-गाजत आणून मांडवाच्या खांबाला बांधायची, त्याला कुऱ्हाड लावायची न्हाई, ते चुलीत घालायचं न्हाई, आन् ज्याचं देवक एक ते एकमेकांचे भाऊ, त्यांच्यात लगीन न्हाई. तुमी हसला. म्हणला, आमच्यात तसं न्हाई, दलोर्म पुष्कळ हायत, ज्याच्या त्याच्या गावचा झाड येगळा, कुणी कुणाचा लागत न्हाई.

आबा म्हणले, "आन् लगीन? एकमेकांत करता?"

"करतो."

आबांनी खरंच कानावर हात ठेवले. "मंग हिंदुस्थान इंग्रजाला गेला आन् तुमाला न्हाई गेला, ह्यात नवल काय?"

इंदुरीची एक मावशी कडंला बसून सुपारी कातरत व्हती. ती म्हणली, पण आपल्या मावळात वावळ्याचं देवक कुणाचंच न्हाई, म्हंजी ह्याला कुटलीबी पोरगी चालंल. तुमी घाबरून सांगितलं, मावशी, मी साठ वर्साचा. ती म्हणली, मंग म्हातारी बघू. सगळा मांडव हसला, आत्याची सासूबी. त्या हसण्यात मी वाचलो.

उन्हं कलल्यावर आबा तुमाला बांधावर घेऊन गेले, मी मागनं. तुमी बुंध्यावर हात फिरवला, एक पान चुरगाळून हुंगलं आन् तोंड वाकडं केलं. वावळ्याच्या पानाला घाण वास येतो हे मी आधीच सांगायला पायजे व्हतं, पण सांगितलं न्हाई. तुमी म्हणला, तुमच्याकडच्या पानाला करवतीसारखे दात असत्यात, पापडीबी बारीक असती. ह्यो सख्खा न्हाई, चुलत. आबा म्हणले, "चुलत म्हंजी भावकीच की." त्या दिवसापासनं गावानं तुमाला वावळकर साहेब करून टाकलं. दलोर्म म्हणताना आमची जीभ ठेचकाळायची, आन् अर्थ तर तोच.

पुढं हॉटेल बंद पडलं. तुमी मुंबईला न जाता आबांकडं आला आन् वावळ्याजवळचा तुकडा मागितला. भट्टी बांधली, वर पत्रा टाकला. शाळा सुटलेला मी दिवसभर गावाला तरास द्यायचो, म्हून आबांनी मला तुमच्या ताब्यात दिला, ह्याला एकतर पाव शिकवा नायतर ह्यालाच भाजा म्हणले. शिकवलंत. आदल्या दिवशीचं आंबवण राखून ठिवायचं, त्याला पीठ-पाणी घालून जागं करायचं, भट्टी आतनं पेटवायची, निखारे पार ओढून काढायचे, ओल्या गोणपाटानं पुसायची, मंग त्या नुसत्या धगीवर पाव. मी म्हणायचो, साहेब, इस्तव काढून टाकल्यावर काय भाजणार? तुमी म्हणायचा, दगड इसरत न्हाई.

तुमच्या हातनं मार एकदाबी खाल्ला न्हाई. बोलणी मातुर एकदाच अशी खाल्ली, की मार परवडला. श्रावणात लाकडं ओली, मी आळस केला आन् वावळ्याची पडलेली वाळकी फांदी भट्टीत सारली. तुमी आला, धुराचा वास घेतला, आकड्यानं ती फांदी बाहेर ओढली, पावसात टाकली. भट्टी इझली. मळून ठिवलेलं सगळं पीठ आंबून गेलं, गिऱ्हाइकांच्या बंगल्यांवर त्या दिवशी पावच गेला न्हाई. तुमी पिपावर बसून म्हणला, "माझा नाव जाळून माझा पाव भाजतो?" बस, एवढंच. आन् दुपारी मला तुमच्या ताटातली अर्धी भाकरी दिली, कारण दोघांनाबी दुसरं खायला नव्हतं.

तुमाला खोकला लागला ते शेवटचं साल. तिकडच्या चुलत झाडांना रोग पडलाय, उभीच्या उभी वाळत्यात, असं कुणी सांगितल्यापासनं तुमी रोज सकाळी आपल्या वावळ्याची पानं उलटीपालटी करून बघायचा. भाऊ मागच्या लढाईत गेलेला, पोरबाळ न्हाई. आबांना म्हणला, मी मेल्यावर दगड नको, त्याच्यावर नाव कोरणार कोण आन् वाचणार कोण? "माझा नाव उभा हाय." आबांनी वावळ्यावर हात ठिवून शब्द दिला, की ह्याला कुऱ्हाड लागणार न्हाई. मला तुमी ते लांब दांड्याचं लाकडी फावडं दिलंत, पाव आत सारायचं. लोणावळ्याच्या किरिस्तावांच्या जागेत तुमाला ठेवलं, तितं आता गवत हाय, दगड न्हाई, तुमी सांगितलं तसंच. पण मंग वावळा गेला तर तुमचं काय ऱ्हातं, सांगा? आबांचा शब्द आबांसंगं गेला. दादाला देवक म्हणून सांगावं, तर त्यो म्हणणार, आपलं न्हाई ना? मंग तोड.

मी आता लोणावळ्याच्या टेसनावर टांगा हाकतो. गिऱ्हाइकांना काहीबाही सांगायची सवय हायच. ठेकेदार झाड बघायला आला, त्यो नेमका माझ्या टांग्यात बसला. मी घोड्याला चुचकारत म्हणलं, मालक, ते झाड होय? त्याच्यात एक फरासी साहेब ऱ्हातो. पाव भाजायचा. अजून भाजतो. त्यो हसला. "भूत पाव भाजतं?" मी म्हणलं, कुणी कुणी वास घेतलाय, आपण कशाला बोला. आन् गप झालो. गप होण्यानं माणूस जेवढा भितो तेवढा बोलण्यानं भीत न्हाई, हे मी तुमच्याकडनंच शिकलो.

मंग मी आंबवण लावलं. घरातनं रेशनचं पीठ रोज थोडं थोडं कमी व्हायला लागलं. आई म्हणली उंदीर झालेत, मी म्हणलं व्हय, मोठ्ठे. तोडणारे आले, घाटाखालची माणसं. पहिल्या दिवशी त्यांनी खालच्या वाळक्या फांद्या उतरवल्या, पत्र्याच्या अलीकडच्या टोकाखाली रचल्या, आन् उद्या बुंधा म्हणून गेले. हस्ताचा पाऊस झोडपत व्हता. पहाटं मी भट्टीवर गेलो. पत्र्याच्या पल्याडच्या टोकाला तिच्याभवती घाणेरीचं रान माजलंय, चार पावलांवरनं दिसत न्हाई. लाकडाचं कसंबसं जमवलं. भट्टी पेटवली, निखारे काढले, लांब नेऊन ओढ्यात टाकले, गोणपाटानं पुसली, तुमच्याच फावड्यानं पाव आत सारला, तोंडाचा पत्रा बोटभर उघडा ठिवला. आन् टेसनावर जाऊन सभ्य माणसासारखा टांग्यात बसलो.

ठेकेदाराला घेऊन पोचलो तर सगळी माणसं बांधाच्या अलीकडं उकिडवी, कुऱ्हाडी खाली. साहेब, काय वास सुटला व्हता. मलाच क्षणभर वाटलं, आता पत्र्यामागनं तुमचा खोकला येणार.

ठेकेदारानं इचारलं, "काय झालं?"

त्यांचा मुकादम म्हणला, "पाव."

ठेकेदार माझ्याकडं बघायला लागला, मी घोड्याच्या कानाकडं. दोघं काठ्या घेऊन घाणेरीत शिरले आन् परत आले. भट्टी तापलेली, आत ना इस्तव ना राख, माणूस न्हाई काणूस न्हाई, आन् एक पाव. खालनं करपलेला, कारण टांगा आणण्यात माझी येळ गेली. त्यांच्यातलं एक तरणं पोरगं लय भुकेलं असणार, त्यानं सरळ तुकडा तोडून तोंडात घातला. सगळे त्याच्याकडं बघताय, ह्यो आता पडतोय का मंग पडतोय. मुकादमानं हळूच इचारलं, काय वाटतंय?

"मीठ कमी हाय," त्यो म्हणला.

साहेब, मी ओठ चावून धरले. मीठ बराबर व्हतं.

ठेकेदार मला बाजूला घेऊन म्हणला, साहेबाचं नाव काय म्हणलास? मी त्याला सगळं सांगितलं, आबांनी सांगितलं तसं, की ह्या झाडावरनंच त्याच्या कुळाला नाव पडलं, हे त्याचं देवक. देवक म्हणल्यावर त्याचं हसू गेलं. त्याच्याबी घरात असणारच की. बारीक आवाजात म्हणला, "तोडणाऱ्याला काय व्हतं?"

"तोडणाऱ्याला काय न्हाई, मालक. तोडायला सांगणाऱ्याला."

वावळा वाचला. ठेकेदारानं खालच्या अंगाची दोन ऐनाची झाडं नेली. दादा त्याच सांजंला नारळ घेऊन आला, वावळ्याच्या बुंध्यापुढं पालथा पडला आन् म्हणला, साहेब, चुकलं. मागच्या अवसंला तर बाया आल्या, लोणावळ्याच्या बाजारातला पाव निवद म्हणून ठेवून गेल्या. एक पोरगं इचारत व्हतं, झाडाला साहेब का म्हणत्यात? त्याच्या आजीनं त्याला सांगितलं, वावळकर साहेबाचं देवक हाय ते, त्याचं नावच ते. तितंच दादा उभा व्हता. आता दादालाबी वाचता यायला लागलं. पण पंचाईत अशी, की अवस आली की माणसं वास घ्यायला येऊन उभी ऱ्हात्यात. वास न्हाई आला तर वावळ्याचा धाक संपंल. म्हून आता दर महिन्याला मला चोरून पाव भाजावा लागतोय. मीठ वाढवलंय.

ह्यो कागद पेटीत टाकायचा न्हाई. आमचा पोष्टमन पत्ता न कळणारी पत्रं चावडीवर मोठ्यानं वाचून दाखवतो. येत्या अवसंला भट्टी पेटवायला ह्योच घेईन. कारण जळणावरनं एक सांगायचं ऱ्हायलंय, आन् खरं तर तेवढ्यासाठीच लिव्हायला बसलो. त्या पहाटं पावसानं आमच्या गोवऱ्या भिजल्या, काटक्या भिजल्या, सगळ्या बांधावर कोरडं म्हणून एकच व्हतं, पत्र्याखाली रचलेल्या त्या वाळक्या फांद्या. वावळ्याच्या. मी त्याच घातल्या, साहेब. तुमचंच नाव जाळून तुमचा पाव भाजला. पेटवताना मला तुमचा आकडा दिसत व्हता, पण हात थांबला न्हाई. तुमी तितनं वास वळखला असंल, तर दोन दिवस बोलू नका माझ्याशी, चालंल. पण आबा तुमच्या शेजारीच तंबाखू मळत बसले असत्याल. त्यांना सांगू नका. पाया पडतो, आबांना कळू देऊ नका.